ड्रेस वॉच की डायव्ह वॉच? बॅम्बिनो आणि प्रोमास्टर, दोन पावसाळे वापरल्यावर

माझ्या आतेभावाचं लग्न ठरलंय, फेब्रुवारीतलं आहे, आणि सासरकडून घड्याळ येणार आहे. सासरे म्हणाले जावईबापू, तुमच्या पसंतीचं निवडा, आम्ही घेऊन देतो. तेव्हापासून रोज रात्री साडेदहाला माझ्या फोनवर लिंका येतात, दादा हे कसंय, दादा ते कसंय, आणि शेवटी प्रश्न एकच, ड्रेस वॉच, म्हणजे फॉर्मल कपड्यांवर शोभणारं साधं-सुबक घड्याळ घेऊ, की डायव्ह वॉच, म्हणजे पाण्याखाली जाणाऱ्यांसाठी बनवलेलं दणकट घड्याळ. माझ्याकडे दोन्ही आहेत, ओरिएंटचं बॅम्बिनो आणि सिटिझनचं प्रोमास्टर, दोन्ही स्वतःच्या पैशाने घेतलेली, गेल्या वर्षीच्या मे-जूनपासून आजपर्यंत वापरतोय म्हणजे मध्ये दोन पावसाळे येऊन गेले. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून होत नाहीये म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो, बाकी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

सुरुवात माझ्या लग्नातल्या घड्याळापासून करतो कारण तिथे मी पोळलोय. सोनेरी, पातळ, चामड्याचा पट्टा, सासऱ्यांनी हौसेने घेतलेलं. दुकानदाराने तोंड भरून सांगितलं होतं, वॉटरप्रूफ आहे साहेब, बिनधास्त घाला. मागे बारीक अक्षरात ३ एटीएम लिहिलेलं मी वाचलं होतं, मला वाटलं ३ एटीएम म्हणजे ३० मीटर, तेवढ्या पाण्यात मी जन्मात जाणार नाहीये. ठाण्याहून घोडबंदर रोडने स्कूटरवर ऑफिस, जुलै महिना, रेनकोटची बाही मनगटापाशी थोडी वर सरकते तेवढीच जागा भिजायची, आणि तिसऱ्या आठवड्यात काचेच्या आतून वाफ धरली. आधी सकाळी धरायची नि दुपारी जायची, मग जाईचना. सर्व्हिस सेंटरने सांगितलं पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. शेवटी स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले इकडे या, बघा. चिमट्यात त्यांनी झाकणाची रबरी रिंग धरली होती, वाळक्या शेवेसारखी कडक झालेली, चिमटा जरा दाबला तर तिचा तुकडाच पडला. आणि चावीची दांडी बाहेर काढून दाखवली, त्यावर तांबूस गंज. ते म्हणाले, पाऊस एक निमित्त झालं, घाम रोज जात होता. हे त्यांचं वाक्य मी त्यानंतर घड्याळ बघताना कधी विसरलो नाही.

तर मीटरचा हिशोब आधी समजून घे. ३० मीटर लिहिलंय म्हणजे नवीन घड्याळ, स्थिर पाणी आणि तेवढा दाब, ही झाली प्रयोगशाळेतली गोष्ट. गरम पाण्याची आंघोळ, साबण, तीन वर्षं जुनी झालेली रबरी रिंग, चुकून अर्धवट ओढलेली राहिलेली चावी, यातलं काहीच त्या आकड्यात धरलेलं नसतं. व्यवहारात ३० म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे, बस. १०० मीटर असेल तर स्विमिंग पूलमध्ये जाऊ शकतोस, आणि २०० मीटर नि आट्यांनी घट्ट बसणारी चावी असेल तर पावसाचा, नळाचा, समुद्राचा विचारच सोडून द्यायचा. डायलवर डायव्हर्स हा शब्द नि पुढे मीटर असं छापलेलं असेल तर ते घड्याळ आयएसओ ६४२५ या मानकाप्रमाणे असावं लागतं, त्यात प्रत्येक नग तपासायचा असतो, तोही लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला, म्हणजे २०० मीटरवालं २५० मीटरच्या दाबाला. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, आणि घड्याळ चालू आहे की बंद पडलंय हेही अंधारात कळलं पाहिजे, म्हणून तर सेकंद काट्यावर तो चमकणारा ठिपका असतो. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ २२८१०, तिथे लॉटमधले काही नग तपासून भागतं. हा फरक दुकानात कोणी सांगत नाही, आपणच विचारायचा.

आता बॅम्बिनो. हे मी बहिणीच्या लग्नासाठी घेतलं, गेल्या वर्षी मे महिन्यात. ४०.५ मिमीची केस म्हणजे घड्याळाची बॉडी, ऑटोमॅटिक म्हणजे हात हलला की आपोआप चावी बसते, शिवाय हाताने चावीही देता येते आणि चावी ओढली की सेकंद काटा थांबतो त्यामुळे वेळ सेकंदावर मिळवता येते. फोटोत जे कळत नाही ते म्हणजे काच. फुगीर आहे, जुन्या घड्याळांसारखी, सरळ बघितलं तर साधी डायल दिसते पण मनगट जरा तिरकं केलं की कडेचे आकडे वाकतात, पसरतात, डायलच्या क्रीम रंगावर उजेडाची एक चकती सरकत जाते. पहिले आठ दिवस मी वेळ बघायला कमी आणि ते बघायलाच जास्त वेळा हात वर करत होतो. काटा टिकटिक उडी मारत नाही, सेकंदाला सहा बारीक ठोके घेत सरकतो. कंपनी दिवसाला अधिक २५ ते उणे १५ सेकंद एवढा फरक धरते, माझं दिवसाला सात-आठ सेकंद पुढे जातं, मला चालतं, दर रविवारी मिळवतो. फुल चावीवर ४० तास चालतं, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तर रविवारी सकाळी ते थांबलेलं असतं. मला ती चावी द्यायची सवय आवडायला लागलीय, मुलगी शेजारी येऊन बसते, तिला कानाशी धरून आवाज ऐकायचा असतो.

त्याच्या मर्यादा पण सांगतो. पाणी ३० मीटर, म्हणजे वरची सगळी गोष्ट इथे लागू. काच मिनरल आहे, सफायर नाही, भिंतीला घासली तर चरा पडणार. आणि या ४०.५ मिमीवाल्याचा पट्टा २१ मिमी रुंद लागतो, हे आडनिडं माप आहे, बाजारात २० आणि २२ चे पट्टे ढिगाने मिळतात पण २१ शोधत फिरावं लागतं. ३८ मिमीचं बॅम्बिनो आलंय त्याला २० चा पट्टा बसतो, मनगट बारीक असेल तर तेच घ्यावं. जाडी मात्र फोटोवरून वाटते त्यापेक्षा जास्त आहे, त्या फुगीर काचेमुळे साधारण १२ मिमी होते, शर्टाचं बटण घट्ट असेल तर कफखाली सरकताना अडतं. खरंच पातळ हवं असेल तर आपल्याकडे टायटन एजइतकं दुसरं पटकन डोळ्यासमोर येत नाही, २००२ साली आलेलं, होसूरच्या कारखान्यातलं, पूर्ण घड्याळ ३.५ मिमी आणि आतली मशीन १.१५ मिमी. बॅटरीवर चालतं म्हणून काही लोक नाक मुरडतात पण एवढ्या जाडीत घड्याळ बसवणं हे फार मोठं काम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

बहिणीच्या लग्नात काय झालं ते ऐक, कारण तुझ्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. इंग्रजी व्हिडिओत सांगतात लग्न म्हणजे ड्रेस वॉच, डोळे मिटून. त्यांच्याकडे लग्न म्हणजे सूट, उभं राहायचं, शपथ घ्यायची, जेवायचं. आपल्याकडे सकाळी हळद, मग होम, कन्यादानाला हातावर पाणी सोडतात, पंचामृत, अक्षता, तूप, आणि एवढं सगळं होणार ते त्याच हातांवर. मी नवरीचा भाऊ, लाजाहोमाला लाह्या द्यायला पुढे बसलो तर गुरुजींनी माझ्या मनगटाकडे बघून शांतपणे सांगितलं, चामड्याचा पट्टा आहे ना, काढून ठेवा. काढलं, झब्ब्याच्या खिशात टाकलं, नवऱ्या मुलाचा कान पिळला, आशीर्वाद झाले, जेवणं झाली, पंगतीत वाढपी म्हणून फिरलो, आणि एवढा वेळ घड्याळ खिशात. ते हातावर आलं थेट संध्याकाळी रिसेप्शनला, ब्लेझर घातल्यावर, आणि तिथे मात्र ते असं काही शोभलं की मामांनी दोनदा हात धरून बघितलं. म्हणजे तुला जर मुहूर्ताला घड्याळ घालायचं असेल तर चामडं नको, स्टीलची चेन पाहिजे, आणि पाण्याला न घाबरणारं पाहिजे. हळदीच्या दिवशी तर कुठलंच घालू नकोस, चेनच्या सांध्यात हळद बसली की टूथब्रशने घासत बसावं लागतं.

प्रोमास्टर मी त्यानंतर महिन्याभरात घेतलं, पाऊस सुरू व्हायच्या आठवड्यात, लग्नातल्या घड्याळाचा अनुभव डोक्यात होताच. बीएन ०१५० म्हणतात ते मॉडेल, काळी डायल, २०० मीटर, डायव्हर्स छापलेलं. उजेडावर चालतं, इको ड्राइव्ह, डायलच्या खालून उजेड घेऊन सेल चार्ज होतो आणि पूर्ण भरला की अंधारातसुद्धा सहा महिने चालतो असं कंपनी सांगते. सिटिझनचं उजेडावर चालणारं पहिलं काट्यांचं घड्याळ १९७६ चं आहे, त्यामुळे हे काही नवं खूळ नाही. आणि यातला माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा कुणी बोलत नाही, सेल बदलायला दर दोन-तीन वर्षांनी मागचं झाकण उघडावं लागत नाही. माझ्या घड्याळजींचं मत असं की घड्याळात पाणी जाण्याची अर्धी प्रकरणं कोणीतरी सेल बदलून झाकण नीट न लावल्याने होतात. झाकण उघडलंच नाही तर ती भानगडच नाही.

दोन पावसाळे हे रोज स्कूटरवर होतं. भिजलं, घरी आल्यावर नळाखाली धरलं, पुसलं, झालं. मालवणला मामाकडे गेलो होतो नोव्हेंबरात तेव्हा तारकर्लीला समुद्रात घालून गेलो, स्कूबाही केलं. तिथे एक गोष्ट बघितली, आपल्याला खाली नेणाऱ्या पोरांच्या हातावर डायव्ह वॉच नसतंच, डायव्ह कॉम्प्युटर असतो, खोली आणि वेळ दोन्ही तोच दाखवतो. म्हणजे ज्या कामासाठी हे घड्याळ बनलं ते काम आता त्याच्याकडे राहिलेलं नाही. १९५३ मध्ये ब्लँकपेनचं फिफ्टी फॅदम्स आणि रोलेक्सचं सबमरिनर आलं तेव्हा पाण्याखाली किती मिनिटं झाली हे मोजायला काचेभोवतीची ती फिरणारी कडी, म्हणजे बेझल, हाच आधार होता, आणि आजच्या डायव्ह वॉचमध्ये ती एकाच बाजूला फिरते त्याचं कारणही तेच, चुकून धक्का लागला तरी उरलेला वेळ कमीच दिसावा, जास्त कधी दिसू नये. प्रोमास्टरच्या रबरी पट्ट्यावर तर कुठल्या खोलीवर किती मिनिटं थांबता येतं त्याचा तक्ताच छापलेला आहे. मामीने तो वाचून विचारलं हा कसला पाढा, मी सांगितलं तर म्हणाली चांगलंय, जीव वाचवायचा पाढा.

समुद्रातून आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवायचं आणि बेझल पूर्ण एक-दोन वेढे फिरवायची, तिच्याखाली रेती आणि मीठ अडकतं, आधी कचकच आवाज येतो आणि मग साफ झाली की टकटक असा सुटा आवाज यायला लागतो. चावी पाण्यात असताना कधी उघडायची नाही, घालण्याआधी आट्या घट्ट आहेत का बघायचं, एवढंच पथ्य.

आणि बेझलचा उपयोग घरात इतका होतो की आता तिच्याशिवाय चुकल्यासारखं होतं. इडलीची बारा मिनिटं, पार्किंगचा अर्धा तास, मुलीला ताप असताना औषध किती वाजता दिलं. परवा कोकण रेल्वेने येताना करबुड्याचा बोगदा मोजला, साडेसहा किलोमीटरचा आहे, तोंडाशी बेझल शून्यावर लावली आणि बाहेर उजेड आला तेव्हा साडेपाच मिनिटं झाली होती, मुलगी परतीच्या प्रवासात परत मोजूया म्हणून आत्तापासून मागे लागलीय. रात्री मुलगी उठली की फोन न उघडता वेळ दिसते, हे ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनाच कळेल.

त्याचा त्रास म्हणजे आकार. जवळजवळ ४४ मिमी आहे. माझं मनगट १८ सेंटिमीटर आहे म्हणून बसतं, तरी फॉर्मल शर्टाचं बटण त्याच्यावर लागत नाही, ऑफिसात क्लायंट मीटिंगला बाही त्याच्या मागेच अडकून राहते आणि हात टेबलावर ठेवला की आधी घड्याळच दिसतं. साखरपुड्याला एकदा घातलं होतं, रबरी पट्टा आणि रेशमी कुर्ता, बायकोने दारातच सांगितलं हे काढा, आणि तिचं बरोबर होतं. बाबा काही बोलत नाहीत, पण बॅम्बिनो घातलं की म्हणतात आज माणसासारखं घड्याळ घातलंयस.

बाबांचं असं म्हणणं त्यांच्या वडिलांच्या घड्याळामुळे आहे. आजोबांचं फावर-ल्युबा सी चीफ अजून आमच्या कपाटात आहे, चावीचं, बारीक, चांदीसारखी डायल. फावर-ल्युबा ही स्विस कंपनी पण मुंबईत १८६५ पासून, त्यामुळे त्या पिढीच्या कितीतरी घरांत ते निघतं. नावात सी आहे आणि आजोबा त्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचे नाहीत, तोंड धुण्याआधी काढून खुंटीवर. त्याच कंपनीने १९६८ मध्ये बॅथी नावाचं, खोली दाखवणारं यांत्रिक मनगटी घड्याळ काढलं होतं, ते आमच्या घरात कोणाला माहीतही नव्हतं. आजोबांचं ते सी चीफ बघितलं की मला कळतं ड्रेस वॉच माणसाला काय शिकवतं, जपायला शिकवतं. आणि तुला त्याचीच आवड असेल तर घे, मी अडवणार नाही. फक्त जुनं घ्यायच्या नादात ऑनलाइन भगव्या-हिरव्या चकचकीत डायलची जुनी फावर-ल्युबा किंवा एचएमटी घेऊ नकोस, त्यातली बहुतेक डायल नव्याने रंगवलेली असतात, सुटे भाग जोडून बनवलेली, मुंबई स्पेशल म्हणतात त्यांना.

बाकी ज्या लिंका तू पाठवल्यास त्यांच्याबद्दल थोडक्यात. सायको ५ स्पोर्ट्स, ते २०१९ नंतरचं, दिसतं डायव्हरसारखं पण १०० मीटर आहे आणि चावी आट्यांची नाही, घड्याळ म्हणून छान आहे, पावसाला चालेल, पण डायव्हर समजून घेऊ नकोस. कॅसिओचं एमडीव्ही १०७ स्वस्तात २०० मीटर देतं, बॅटरीवर, याच्या आधीचं मॉडेल बिल गेट्सच्या हातावर दिसलं होतं, पण तेही ४४ मिमी. ओरिएंटचं कमासू ४१.८ मिमी, २०० मीटर, स्टीलची चेन, आट्यांची चावी आणि सफायर काच, आयएसओचा शिक्का त्यावर नाही, पण आपल्या पावसासाठी, पोहण्यासाठी पुरून उरेल. यातलं हे एकच असं आहे की ते बघितल्यावर मला वाटलं आपण प्रोमास्टर घ्यायच्या आधी हे हातात घेऊन बघायला हवं होतं.

माझं मत विचारशील तर एकच घ्यायचं असेल तर डायव्हर, पण चाळीसच्या आसपासचं, काळी किंवा गडद निळी डायल, स्टीलची चेन. तू हिंजवडीला बाईकने जातोस, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुझा हात रोज भिजणार, एप्रिल-मेमध्ये घामाने भिजणार, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट तू वर्षातून किती वेळा घालतोस ते तूच मोज. ज्याचं जाणं-येणं गाडीतून आहे, दिवस एसीत जातो, रोज फॉर्मल घालायचं आहे, त्याला मी उलटं सांगेन, बॅम्बिनो घे आणि खूश राहा. पण चामड्याचा पट्टा पावसाळ्यात कपाटात बंद ठेवायचा नाही हे त्यालाही सांगेन, माझ्या बाजारातून घेतलेल्या पट्ट्यावर ऑगस्टात पांढरी बुरशी आली होती, आता घड्याळाच्या डबीत सिलिका जेलच्या दोन पुड्या असतात आणि आठवड्यातून एकदा उघड्या हवेत काढून ठेवतो.

हे सगळं त्याला वाचायला दिल्यावर गेल्या रविवारी आतेभाऊ घरी आला होता. शिंप्याच्या टेपने त्याचं मनगट मोजलं, १६ सेंटिमीटर भरलं. प्रोमास्टर घालून बघितलं तर दोन्ही बाजूंनी कडा मनगटाच्या बाहेर आल्या, त्याचं त्यालाच हसू आलं. मग बॅम्बिनो घातलं, बायकोचा कार्डिगन बाहीपुरता चढवून आरशासमोर उभा राहिला, बराच वेळ काही बोलला नाही. जाताना म्हणाला, दादा, सासऱ्यांना कमासूचं सांगतो, निळं. आणि रिसेप्शनच्या संध्याकाळपुरतं हे तुझं मला देशील? देईन म्हटलं, पण जेवायला बसायच्या आधी काढून माझ्याकडे द्यायचं.